कपोतपुच्छ सांधा आणि राउटरची शिस्त

जुन्या लाकडी सामानाची पारख करणारा जाणकार मनुष्य कपाटापुढे उभा राहिला म्हणजे दर्शनी नक्षीकडे, पॉलिशाच्या झळाळीकडे किंवा पितळी मुठींच्या घाटाकडे प्रथम पाहत नाही. तो एक खण बाहेर ओढतो, त्याची बाजू उजेडाकडे वळवितो आणि दर्शनी फळी व बाजूची फळी जेथे एकमेकींस मिळतात तो कोपरा न्याहाळतो. नक्षी मागाहून चढविता येते, पॉलिश पुनःपुन्हा करता येते, मुठी बदलता येतात. परंतु कोपऱ्यातील सांधा मात्र सामान तयार झाले त्या दिवशी जसा कापला गेला तसाच अखेरपर्यंत राहतो, आणि म्हणून त्या सामानाचा सर्वांत विश्वसनीय दस्तऐवज तोच ठरतो. शेपट्या असमान रुंदीच्या, त्यांच्यामधील खुंट्या करवतीच्या पात्याइतक्या निमुळत्या आणि शेपट्यांच्या मुळाशी आखणीची बारीक रेघ उमटलेली, असे दिसले तर ते काम हाताचे. शेपट्या आणि खुंट्या सर्व एकाच मापाच्या असतील तर ते यंत्राचे. आणि शेपट्यांच्या जागी अर्धवर्तुळाकार कडा व प्रत्येकीच्या मध्यभागी एक गोल खुंटी आढळली, तर सामान बहुधा अमेरिकेतले आणि १८७० ते १९०० ह्या तीस वर्षांतले, असा निकाल तो निःशंकपणे देतो.

हा शेवटचा गोल सांधा विस्कॉन्सिन राज्यातील वॉटर्लू येथील चार्ल्स नॅप ह्यांच्या यंत्राची निशाणी होय. नॅप ह्यांनी आपल्या यंत्राचे पेटंट १८६७ मध्ये घेतले, आणि पुढे त्याची सुधारलेली आवृत्ती मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थॅम्प्टन येथे तयार होऊ लागली. फिरत्या हत्याराला तिरकस बाजूंची शेपटी कापण्यापेक्षा वर्तुळ कापणे सोपे, म्हणून यंत्राच्या सोयीखातर सांध्याने आपले रूप बदलले. आणि शतक संपता संपता तिरकस बाजू कापणारी यंत्रे सर्रास प्रचारात आली तेव्हा गोल सांधा जसा आला तसाच निघूनही गेला. ह्या छोट्याशा इतिहासातून एक गोष्ट ध्यानात धरण्याजोगी आहे. यंत्र हे कारागिराच्या हातातील हत्याराचा केवळ वेग वाढवीत नाही. कामातील कोणती गोष्ट सुकर आणि कोणती दुष्कर, ह्याची वाटणीच ते नव्याने करते. आजच्या कारखान्यांत आणि हौशी कारागिरांच्या घरांतही विजेच्या राउटरने जो कपोतपुच्छ सांधा कापला जातो, ज्याला कामगारवर्ग सरळ ‘डव्हटेल’ म्हणतो, त्याची वाटणी कशी झाली आहे हे नीट समजले, म्हणजे तो सांधा घट्ट का बसतो आणि सैल का पडतो हे कोडे पुष्कळसे उलगडते.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्ट ह्या संस्थेत अध्यापन करणारे डेव्हिड पाय ह्यांनी १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कारागिरीविषयक ग्रंथात कामाचे दोन प्रकार मानले आहेत: एक जोखमीचे, ज्यात हत्यार चालत असताना क्षणोक्षणी काम बिघडण्याचा संभव असतो आणि फलनिष्पत्ती कारागिराच्या हातावर, नजरेवर व सावधपणावर अवलंबून राहते, आणि दुसरे निश्चितीचे, ज्यात हत्यार सुरू होण्यापूर्वीच त्याचे फळ ठरून गेलेले असते. करवत व पटाशी घेऊन शेपट्या कापणारा सुतार पहिल्या प्रकारचे काम करतो आणि साच्यावरून राउटर फिरविणारा दुसऱ्या प्रकारचे, असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल, व ते खोटेही नाही. परंतु त्यावरून राउटरने जोखीम नाहीशी केली असे जर कोणी समजेल, तर त्याची पहिली फळी वाया गेलीच म्हणून समजावे. हाताच्या कामात जी जोखीम प्रत्येक रेघेवर आणि प्रत्येक घावात थोडीथोडी विखुरलेली असते, ती सारी राउटर एकत्र गोळा करतो आणि कटर फिरू लागण्यापूर्वीच्या मांडणीत आणून ठेवतो. मांडणीत दहावा हिस्सा मिलिमीटर चूक राहिली, तर राउटर ती चूक पहिल्या शेपटीपासून शेवटच्या शेपटीपर्यंत कमालीच्या निःपक्षपातीपणाने वसूल करतो.

ह्या सांध्याची रचना आधी पाहू. एका फळीच्या टोकाला पारव्याच्या पसरलेल्या शेपटीप्रमाणे बाहेरच्या अंगास रुंद होत जाणारे दाते कापलेले असतात, त्यांना शेपट्या म्हणावयाचे; दुसऱ्या फळीत त्यांना सामावून घेणाऱ्या तशाच आकाराच्या खोबणी असतात, आणि दोन खोबणींच्या मध्ये जे लाकूड उरते ती खुंटी. शेपटी खोबणीत एका दिशेने सहज शिरते. परंतु तिला तिच्या लांबीच्या दिशेने ओढू गेल्यास तिचे रुंद टोक अरुंद तोंडातून बाहेर पडू शकत नाही. टेबलाचा खण मूठ धरून ओढला जातो तेव्हा सर्व जोर नेमका ह्याच दिशेने पडतो, आणि म्हणूनच खणाच्या कोपऱ्यावर ह्या सांध्याचा अंमल इतकी शतके अबाधित राहिला आहे. ही युक्ती लाकडापुरतीच मर्यादित नाही. प्राचीन ईजिप्तमधील शिल्पींनी दगडाचे चिरे परस्परांस जखडण्यासाठी ह्याच आकाराचे लाकडी तुकडे वापरले, आणि इराणातील पसार्गादी व पर्सेपोलिस येथील अकॅमेनिड राजांच्या वास्तूंत तसेच लोखंडी तुकडे शिसे ओतून बसविलेले आढळतात.

आकाराइतकेच महत्त्व चिकटविण्यालाही आहे. लाकडाचा आडवा छेद, म्हणजे फळीचे कापलेले टोक, सरस शोषून घेते आणि धरून ठेवीत नाही. उलट तंतूंच्या लांबीच्या बाजू परस्परांस मिळाल्या तर सरसाचा सांधा लाकडाइतकाच मजबूत होऊ शकतो. कपोतपुच्छ सांध्यात शेपट्यांच्या आणि खुंट्यांच्या बाजू अशाच तंतूंच्या लांबीने मिळतात, आणि दोन फळ्या नुसत्या टोकास टोक भिडविण्यापेक्षा सरसाला कितीतरी अधिक व अधिक चांगली जागा लाभते. मात्र ह्या बाजूंचा कल बेताचा असावा लागतो. तो फार कमी ठेवला तर शेपटी सरळ दात्यासारखी होऊन निसटते; फार अधिक ठेवला तर शेपटीच्या टोकाच्या कोपऱ्यांत तंतू आखूड पडतात व ते कोपरे ठोकताना उडून जातात. हाताने काम करणाऱ्यांचा शिरस्ता असा, की नरम लाकडात सहास एक आणि कठीण लाकडात आठास एक ह्या प्रमाणाने कल द्यावा. अंशांत सांगावयाचे तर अनुक्रमे सुमारे साडेनऊ आणि सात. राउटरच्या खणजोडीसाठी सर्वाधिक प्रचारात असलेल्या कटराचा कल मात्र १४ अंश, म्हणजे जवळजवळ चारास एक, असतो. हा कल हाताच्या कामाच्या हिशेबाने उधळपट्टीचा वाटला तरी राउटरने कापलेल्या शेपट्या आखूड असतात आणि आखूड शेपटीला पकड देण्यास अधिक कल लागतो, हे एक कारण. दुसरे कारण पुढे खोलीच्या हिशेबात आपोआप स्पष्ट होईल.

आता राउटरकडे वळू. न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूझ येथील आर. एल. कार्टर ह्यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हातात धरून चालविता येईल असा विजेचा राउटर बाजारात आणला, आणि १९२९ मध्ये त्यांचा धंदा स्टॅन्ली कंपनीने विकत घेतला. तेव्हापासून यंत्राचे बाह्यांग पुष्कळ बदलले, तरी मूळ योजना कायम आहे: सपाट बैठकीवर उभी बसविलेली एक मोटर, तिच्या दांड्याच्या टोकाला कॉलेट नावाची पकड, आणि त्या पकडीत कटर. अर्धा इंच व्यासाचा कटर मिनिटाला २० हजार फेरे घेत असता त्याची धार सेकंदाला सुमारे १३ मीटर वेगाने लाकडातून जाते. तासलेला पृष्ठभाग स्वच्छ निघतो तो ह्या वेगामुळेच. परंतु राउटरला स्वतःची दिशा नसते. त्याला ठरलेल्या वाटेने नेण्यासाठी फणीच्या दातांसारखी बोटे असलेला धातूचा किंवा प्लास्टिकचा साचा जिगवर, म्हणजे फळ्या जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या चौकटीवर, बसवितात, आणि राउटरच्या बैठकीखाली कटराभोवती एक गोल कडे, ज्यास गाइड बुश म्हणतात, जोडतात. हे कडे साच्याच्या बोटांना घासत जाते आणि कटर त्याच्या मागोमाग लाकडात तशीच वाट कापतो.

खणांच्या कामात बहुतेक वेळा जो प्रकार वापरतात तो एका बाजूने झाकलेला, म्हणजे समोरून पाहता दर्शनी फळी अखंड दिसते आणि शेपट्या फक्त बाजूने दिसतात असा सांधा होय. त्यासाठी केलेल्या जिगची विशेष खुबी अशी, की दोन्ही फळ्या एकाच वेळी आणि एकाच कटराने कापल्या जातात. खणाची बाजूची फळी जिगच्या पुढच्या अंगास उभी धरतात, दर्शनी फळी वरच्या अंगास आडवी ठेवतात, दोन्हींची टोके एकमेकींस काटकोनात भिडवून शिकंजे आवळतात आणि साचा त्यांच्यावर बसवितात. कटर उभ्या फळीच्या माथ्यातून आरपार जाऊन आडव्या फळीच्या टोकात शिरतो. पहिलीत शेपट्यांमधील मोकळ्या जागा कापल्या जातात आणि दुसरीत खोबणी. दोन्ही फळ्यांची आतली बाजू कारागिराच्या नजरेसमोर ठेवावी लागते, म्हणजे उभ्या फळीची आतली बाजू त्याच्याकडे तोंड करून आणि आडव्या फळीची आतली बाजू वर. नवख्या माणसास हा प्रकार उफराटा वाटतो. पण त्याचे कारण कटराच्या गोलपणात आहे. फिरता कटर खोबणीचा आतला शेवट गोल कापतो आणि त्याच फेऱ्यात साच्याच्या बोटाभोवती वळताना शेपटीची आतली कडही तितकीच गोल करतो. सांधा जुळविला म्हणजे गोल कड गोल शेवटात जाऊन बसते आणि हा सारा मामला लाकडाच्या पोटात झाकला जातो. फळी उलटी धरली तर ही गोलाई बाहेरच्या अंगास येते आणि सांधा बसतच नाही.

दोन्ही फळ्या एकत्र कापावयाच्या असल्यामुळे त्या एकमेकींशी अर्ध्या दात्याच्या अंतराने सरकवून धराव्या लागतात, नाहीतर शेपटीसमोर शेपटीच येईल आणि खोबणीसमोर खोबण. अर्ध्या इंची कटराच्या अनेक प्रचलित साच्यांत एका दात्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर ७/८ इंच, म्हणजे सुमारे २२.२ मिलिमीटर असते. सबब सरकवणूक त्याच्या निम्मी, सुमारे ११.१ मिलिमीटर, येते, आणि जिगच्या दोन्ही टोकांस असलेले अडसर ती आपोआप राखतात. ह्याच अंतराचा आणखी एक हुकूम खणाच्या उंचीवर चालतो. फळीची रुंदी त्या अंतराच्या पूर्ण पटीत असली, म्हणजे सुमारे १११ किंवा १३३ मिलिमीटर ठेवली, तर वर आणि खाली सारखीच अर्धी खुंटी येऊन कोपरा समतोल दिसतो. मधलीच रुंदी घेतली तर एका टोकाला लाकडाची एखादी कपटीच उरते, आणि ती ठोकताना फुटते. हाताने काम करणारा आपल्या खणाच्या मापाप्रमाणे शेपट्या वाटून घेतो. ह्या जिगवर काम करणाऱ्याला शेपट्यांच्या मापाप्रमाणे खण ठरवावा लागतो. तळाची फळी बसविण्यासाठी जी लांबट खाच पाडावयाची, तीदेखील बाजूच्या फळीत शेपटीतून जाईल आणि दर्शनी फळीत खोबणीतच संपेल अशा उंचीवर आधीच योजावी, म्हणजे ती बाहेरून कोठेही उघडी पडत नाही.

आता घट्टपणाच्या प्रश्नाकडे येऊ, कारण सर्व तक्रारींचे मूळ येथे आहे आणि त्यांचे उत्तरही येथेच एका मापात सामावलेले आहे. कटराचा व्यास १२.७ मिलिमीटर आणि कल १४ अंश धरला, व तो लाकडात ९.५ मिलिमीटर उतरविला, तर त्याने कापलेली वाट तळाशी १२.७ मिलिमीटर रुंद आणि पृष्ठभागाशी सुमारे ८ मिलिमीटर रुंद होते. आडव्या फळीतील खोबणीचा तळ म्हणजे तिची सर्वांत रुंद जागा; ती कटराच्या टोकाने कापली जाते, तेव्हा कटर अधिक खोल उतरविला काय किंवा वर घेतला काय, तिची रुंदी बदलत नाही. उभ्या फळीची गोष्ट निराळी. तेथे दोन वाटांच्या मध्ये जे लाकूड शिल्लक राहते तीच शेपटी, आणि तिचे टोक फळीच्या माथ्याशी, म्हणजे वाट जेथे सर्वांत अरुंद असते तेथे येते. कटर जितका खोल उतरतो तितकी माथ्याशी वाट अरुंद होते आणि तितके शेपटीचे टोक रुंद राहते. खोबण जशीच्या तशी आणि शेपटी वाढलेली. अर्थात खोली वाढविली की सांधा घट्ट होतो, कमी केली की सैल. लाकूड अधिक कापले म्हणजे सांधा अधिक ढिला होणार, हा जो साध्या व्यवहारातून आलेला समज, तो येथे अगदी उलटा ठरतो, आणि पुष्कळ माणसे सैल सांधा सुधारण्यासाठी कटर वर घेऊन तो आणखी सैल करून बसतात त्याचे कारण हेच.

किती खोलीने किती फरक पडतो, हेही सांगता येते. १४ अंशांच्या कलात एक मिलिमीटर उतरल्यास वाटेची प्रत्येक बाजू पृष्ठभागाशी पाव मिलिमीटर आत सरते. दोन्ही बाजू मिळून शेपटीचे टोक अर्धा मिलिमीटर रुंद होते. म्हणजे खोलीतील फरकाच्या निम्मा फरक घट्टपणात उतरतो. चांगला सांधा आणि न बसणारा सांधा ह्यांच्यामध्ये फार तर एकदोन दशांश मिलिमीटरचे अंतर असते. तेव्हा खोलीचा बंदोबस्त दोनतीन दशांशांच्या आत राखला म्हणजे काम भागते, आणि हे माप राउटरच्या खोलीच्या चाकावर हाताने सांभाळता येण्याजोगे आहे. कल सात अंशांचा असता तर तेवढ्याच खोलीने निम्माच फरक पडला असता आणि सैल सांधा घट्ट करण्यासाठी कटर दुप्पट उतरवावा लागला असता, जे पाऊण इंची फळीत नेहमीच परवडत नाही. अधिक कलाचे दुसरे कारण म्हणून वर उल्लेख केला तो हाच.

ह्याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. कार्बाइडचा कटर बोथट झाला म्हणून धार लावून आणला, तर त्याचा व्यास थोडा घटतो. तो दशांश मिलिमीटरने घटला तर खोबण तेवढी अरुंद होते आणि शेपटी तेवढीच रुंद. दोन्ही मिळून सांधा दोन दशांशांनी घट्ट होतो, आणि तो पूर्ववत करण्यास खोली चार दशांशांनी कमी करावी लागते. म्हणून मागील कामाची खोली वहीत टिपून ठेवली असली तरी नव्या धारेच्या कटराला ती जशीच्या तशी लागू करू नये.

खोलीखेरीज ज्या उणिवा दिसतात त्यांची कारणे वेगवेगळी आहेत आणि ती एकमेकांत मिसळू न देणे हेच अर्धे शहाणपण होय. सांधा घट्टपणात बरोबर, पण बाजूची फळी दर्शनी फळीच्या टोकापेक्षा बाहेर राहते, असे दिसल्यास खोबण उथळ आहे. साचा कारागिरापासून दूर, आडव्या फळीच्या अंगावर थोडा मागे सरकवावा. बाजू उलट आत बुडत असेल तर साचा पुढे ओढावा. दोन फळ्यांच्या कडा वरखाली होत असतील तर दोष अडसरांचा, किंवा फळी अडसराला पुरती टेकली नव्हती ह्याचा. एका टोकाचा सांधा घट्ट आणि दुसऱ्या टोकाचा सैल, असे घडल्यास साचा तिरका बसला आहे किंवा फळी वाकडी आहे. आणि मांडणी सर्वत्र ठीक असूनही सांधा कधी घट्ट, कधी सैल लागतो असे दिसल्यास गाइड बुश दांड्याशी समकेंद्री नाही असा संशय घ्यावा. बुश किंचित बाजूला असेल तर राउटर हातात जसजसा वळेल तसतसा कटर साच्यापासून कमीअधिक अंतरावर जाईल. त्यावर साधा तोडगा असा, की बुश समकेंद्री बसवून घेईपर्यंत राउटरची मूठ संपूर्ण कामभर एकाच दिशेला ठेवावी. काम चालू असताना खोली आपोआप वाढत गेली तर कटर कॉलेटमधून खाली घसरत आहे हे निश्चित; कॉलेट साफ करावे, आणि कटर तळापर्यंत खुपसून मग दोनतीन मिलिमीटर वर घेऊन आवळावा, कारण तळाशी टेकलेला कटर आवळताना नीट पकडला जात नाही.

परंतु ह्या सर्वांच्याही आधी फळ्यांची तयारी येते, आणि जोखीम मांडणीत जाऊन बसते असे जे वर म्हटले त्यातील मोठा वाटा येथेच आहे. फळ्या रंध्याने सपाट केलेल्या, एकाच जाडीच्या आणि टोके गुण्याला बरोबर लागणारी असावीत. फळी मध्ये उचललेली असेल तर साचा तिच्यावर सपाट बसत नाही. मध्यभागी आणि कडेला खोली वेगळी पडते, आणि खोलीतल्या फरकाचा निम्मा भाग घट्टपणात उतरतो हे आपण पाहिलेच आहे. प्रत्येक फळीच्या आतल्या बाजूवर आणि खालच्या कडेवर खूण करावी, चारही कोपऱ्यांना क्रमांक द्यावेत आणि खालची कड नेहमी अडसराकडे राहील असा दंडक पाळावा; म्हणजे दोन कोपरे डाव्या अडसराशी आणि दोन उजव्या अडसराशी कापले जाऊन खण चौकोनी जुळतो. मुख्य लाकडाबरोबरच त्याच जाडीचे, त्याच रुंदीचे आणि त्याच जातीचे चारदोन तुकडे रंधून ठेवावेत, आणि सांधा त्यांच्यावर बसेपर्यंत खऱ्या फळीला कटर लावू नये. बरोबर बसलेला सांधा हाताच्या दाबाने बराचसा आत जातो आणि मोगरीच्या हलक्या ठोक्यांनी पुरा मिटतो. ह्याहून घट्ट ठेवण्याचा मोह टाळावा, कारण पाण्यातील सरस लागताच लाकूड फुगते, आणि कोरड्या स्थितीत जोर करून बसलेला सांधा सरस लावल्यावर अर्ध्यावरच अडकतो.

प्रत्यक्ष कापण्याचे काम थोडक्यात सांगण्याजोगे आहे, पण त्यातले नियम कडक आहेत. शेपटीचा कटर तळाशी रुंद असल्यामुळे तो वरून खाली उतरविता येत नाही. खोली एकदाच पूर्ण ठरवून कडेकडून आत न्यावा लागतो. त्याच कारणाने तो लाकडात असताना राउटर वर उचलणे म्हणजे फळी, साचा आणि कटर तिन्हींचा एकदम नाश करणे होय. म्हणून मोटर चालू करताना कटर लाकडापासून मोकळा असावा, आणि काम संपल्यावर राउटर सपाट बाहेर ओढून, बंद करून, पुरता थांबल्यावरच उचलावा. वरून पाहता कटर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. सबब समोरच्या कडेवर नेहमीची वाट डावीकडून उजवीकडे असते. तत्पूर्वी मात्र उभ्या फळीच्या समोरच्या अंगावरून एक अगदी उथळ फेरा उजवीकडून डावीकडे घ्यावा. त्या दिशेने कटर तंतू आत दाबीत जातो आणि शेपट्यांच्या मुळाशी स्वच्छ कड निर्माण होते. मग पूर्ण कापणी करताना तेथून कपटे उडत नाहीत. ह्या उलट दिशेने राउटर पुढे पळू पाहतो, म्हणून दोन्ही हातांची पकड घट्ट असावी आणि लाकूड कमीत कमी घ्यावे. सर्व खोबणी झाल्या, की साचा हलविण्यापूर्वी भुसा झटकून आणखी एक फेरा घ्यावा. भुसा अडकून राहिलेली एखादी वाट अर्धवट राहिली असली तर ती तेथेच पुरी होते, पण साचा एकदा उचलला म्हणजे नेमक्या त्याच जागी पुन्हा बसविणे कठीण. सागवानात वालुकांश असल्यामुळे साध्या पोलादाची धार लवकर जाते, म्हणून कार्बाइडचाच कटर घ्यावा. आणि सागाची बारीक धूळ अनेकांच्या त्वचेला व श्वासाला बाधते, तेव्हा चष्म्याबरोबर तोंडावर फडके किंवा मुखवटा हवाच.

सांधा कापून झाल्यावर लाकडाचा स्वभाव आपला हक्क मागतो. लाकूड हवेतील दमटपणाप्रमाणे रुंदीत फुगते व आकसते. लांबीत जवळजवळ मुळीच नाही. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हवेची आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या पुढे जाते, तर देशावर उन्हाळ्यातील दुपारी ती तीस टक्क्यांच्याही खाली उतरते. पहिल्या हवेत मुरलेल्या लाकडात पंधरा टक्क्यांच्या आसपास पाणी राहते, दुसऱ्यात सहाच्या आसपास. सागवान हे कमी हालणारे लाकूड म्हणून नावाजलेले आहे. तरीही वार्षिक वलयांच्या स्पर्शरेषेत कापलेल्या १३३ मिलिमीटर रुंदीच्या फळीत एवढ्या फरकाने दोन ते अडीच मिलिमीटरचे अंतर पडू शकते. खणाच्या चारही फळ्यांत तंतू खणाच्या परिघाने आडवे धावतात, त्यामुळे त्या सर्व एकाच दिशेने म्हणजे उंचीत फुगतात व आकसतात, आणि कपोतपुच्छ सांधा फुटत नाही. ह्या सांध्याच्या दीर्घायुष्याचे हे एक मोठे कारण आहे. पण आषाढात जो खण टेबलात अडकतो तो ह्या फुगण्यानेच, आणि त्याचा दोष सांध्याला देणे अन्यायाचे ठरेल. पावसाळ्यात बनविलेला खण घराला अगदी मिळता ठेवला तरी चालतो, कारण तो पुढे आकसणारच. चैत्रात बनविलेल्या खणाला मात्र वरच्या अंगास फुगण्यापुरती सवलत ठेवावीच लागते.

दोन्ही फळ्यांत शेपट्या आरपार दिसतील असा सांधा राउटरने कापावयाचा असेल तर एका कटराने भागत नाही. शेपट्या तिरकस कटराने आणि खुंट्या सरळ कटराने, दोन वेगळ्या साच्यांवरून कापाव्या लागतात. तेथे घट्टपणाचा अखत्यार खोलीकडून काढून खुंट्यांच्या साच्याकडे दिलेला असतो: त्याची बोटे निमुळती असतात, आणि साचा पुढेमागे सरकविला की खुंटी जाड किंवा बारीक होते. तेथेही राउटरची मर्यादा लपत नाही. हाताची करवत खुंटीचे टोक एखाद्या रेघेइतके बारीक ठेवू शकते. तिरकस कटर मात्र ज्या वाटेने जातो ती त्याच्या मानेहून अरुंद होऊ शकत नाही, आणि म्हणून राउटरची खुंटी नेहमीच अंगाने थोडी भरलेली दिसते. पारखी मनुष्य खण ओढून जो निकाल देतो तो बहुतांशी ह्याच मानेवरून.

तेव्हा राउटर घ्यावा की करवत, ह्या प्रश्नाचे उत्तर कौशल्याच्या प्रतिष्ठेत शोधू नये; ते कामाच्या संख्येत आहे. एकच पेटी करावयाची असेल तर जिग बसविणे, तुकड्यांवर खोली पारखणे आणि साचा मागेपुढे सरकविणे ह्यांत जितका वेळ जातो तितक्यात चांगला सुतार पटाशीने चारही कोपरे कापून मोकळा होतो, आणि शेपट्यांची वाटणीही त्याच्या मर्जीची राहते. बारा खणांचे कपाट करावयाचे असेल तर अठ्ठेचाळीस कोपऱ्यांची जोखीम एकदाच सोसून निभावणे हेच व्यवहाराचे. मात्र मांडणी एकदा जमली म्हणजे जो चाचणीचा कोपरा पुरता बसला तो फेकून देऊ नये. त्यावर लाकडाची जात, फळीची जाडी आणि कटराची खोली पेन्सिलीने लिहून जिगबरोबरच ठेवावा. पुढच्या कामात त्याच्या शेपटीला कटर लावून खोली ठरविता येते, आणि नव्या चाचण्यांत जाणाऱ्या चारपाच तुकड्यांऐवजी एकाच तुकड्यावर काम भागते.